खोगिराची उजवी बाजू

घोड्याच्या सामानाच्या जुन्या कॅटलॉगांत घोडा उजवीकडून दिसत नाही. निदान माझ्या कपाटात जे कॅटलॉग आहेत, त्यांत तरी नाही. घोड्याचं तोंड पानाच्या डाव्या कडेला, शेपटी उजव्या कडेला, चारही पाय जमिनीवर आणि अंगावर जे विकायचं असेल ते: खोगीर, लगाम, झूल, रिकीब. घोड्यावर डावीकडून चढायचं ही इंग्रजांची शिस्त, म्हणून गिऱ्हाइकाला तीच बाजू दाखवायची. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. तिथे बातमीची दुसरी बाजू छापणं सक्तीचं असे. कॅटलॉगवाल्यांवर तशी सक्ती नव्हती.

मी घोड्यावर कधी बसलेलो नाही. माथेरानलाही नाही. पण जुन्या बाजारात एकदा असा एक कॅटलॉग हाती लागला आणि मग लागतच गेले. त्यांच्यावर बहुधा सालच नसतं, कारण साल छापलं की माल शिळा दिसतो. प्रत्येक खोगिरापुढे एक शब्द छापलेला असतो. तारेने मागणी करताना वर्णन लिहीत बसायला नको, तेवढा एक शब्द पाठवला की पुरे. त्यामुळे पानभर खोगिरं आणि त्यांच्याखाली फुलांची, पक्ष्यांची, नद्यांची नावं असा प्रकार असतो. निवृत्त माणसाला करमणुकीला हे भरपूर आहे.

या हिवाळ्यात अशाच एका पानाचा फोटो मी जुन्या छापील कागदांच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला. फोटो कुठून कुठे फिरला याची खातरजमा करता आली नाही. पण एका दुपारी फोन आला.

"मी युसूफ बोलून राहिलो, अकोल्याहून. तुमी मोबाईलवर जे खोगीर टाकलं ना साहेब, थे आमच्या दादाजींचं आहे."

ते एका इंग्रजी कंपनीचं आहे, असं मी म्हणालो.

"कंपनीचं असंन. पर आमच्या दुकानात आहे. तुमी असं करा, थे पुस्तक घेऊन या. रविवारी लगन आहे, खोगिराचं काम अटकलं."

पुण्यात अशा बोलावण्याआधी दोन फोन होतात, 'बघू' म्हटलं जातं आणि विषय संपतो. मी गुरुवारी संध्याकाळची गाडी पकडली.

शुक्रवार, अकोला

स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. इथे पोह्यांवर तर्री ओततात, म्हणजे लाल, पातळ, तेलाचा तवंग असलेला हरभऱ्याचा रस्सा. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं भुरभुरतात आणि माणूस पेपर वाचत खातो. तर्री-पोहे खाताना पेपर वाचता येत नाही, डोळ्यांना पाणी येतं.

युसूफभाईंचं दुकान जुन्या शहरात आहे. पाटीवर वरून खाली असा क्रम: सीट कव्हर, ताडपत्री, बैलांचे साज, घोडीचे सामान. दुकानाचं पोट कशावर चालतं ते क्रमावरूनच कळतं. युसूफभाई साठीचे, आवाजाने मोठे, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी मला आधी बसवलं, मग चहा सांगितला, मग स्वतःच्या आजोबांचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

तो कॅटलॉगच होता. माझ्याकडे आहे तोच, त्याच कंपनीचा. फक्त त्यांच्या प्रतीत पानापानाला खिडक्या होत्या. आजोबांनी प्रत्येक चित्र कात्रीने कडेकडेने कापून घेतलं होतं. कापलेल्या चित्रावर चौकडी आखायची, तशीच मोठी चौकडी लाकडावर आखायची आणि एकेका चौकोनातली रेघ पाहून खोगिराचा सांगाडा कोरायचा, अशी त्यांची पद्धत. चित्रं कामात झिजून गेली. उरली होती ती कंपनीची प्रस्तावना आणि भोकं.

"वाचता येत नव्हतं त्यायले इंग्रजी," युसूफभाई म्हणाले. "पर पाहता येत होतं. आता हे पाहा."

कोपऱ्यात एका स्टुलावर खोगीर होतं. चामडं काळं पडलेलं, त्यावर पितळी फुलं, झालरीची नवी शिवण. पुढच्या अंगाला दोन वाकडी शिंगं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, चामड्यात मढवलेली. मी माझा कॅटलॉग काढून ते पान उघडलं. चित्रातल्या खोगिराला डावीकडे शिंग होतं, अगदी हेच. उजवी बाजू अर्थातच दिसत नव्हती.

"बस, हेच," युसूफभाई म्हणाले. "आता मले सांगा, खाली काय लिहिलं आहे?"

मी वाचून दाखवलं. खोगीर बायकांसाठी होतं. मडमा दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून एका बाजूने बसत आणि उजवा गुडघा त्या शिंगावरून अडकवून घेत, म्हणजे घोडा पळाला तरी घसरायची भीती नाही. शिंग एकच, डाव्या बाजूला. उजवी बाजू सपाट.

युसूफभाई पानाकडे पाहत राहिले. मग खोगिराकडे. मग पुन्हा पानाकडे.

"उजवीकडे नाई?"

"नाही."

"म्हंजे दादाजींनी डावी बाजू पाहिली आन् उजवीकडे तशीच केली."

"तसं दिसतं."

"आन् मंग हे खोगीर नवरदेवाले दिलं." त्यांनी चष्मा काढला. "दोन शिंगं, दोन हातांनी धरून बसाले बरोबर. साहेब, पार अमरावतीवरून घोडीवाले येऊन 'शिंगवालं खोगीर द्या' म्हनत होते. मायं बालपन त्याच्यावर गेलं. अब्बानं बनवले, म्या बनवले." मग ते इतके मोठ्याने हसले, की समोरचा पंक्चरवाला उठून आला. "म्हंजे आमच्या खानदानानं अर्ध्या वऱ्हाडचे नवरदेव बाईच्या खोगिरावर बसवले!"

हसून झाल्यावर त्यांनी पंक्चरवाल्याला हाकललं आणि आवाज खाली आणला. "सुधाकरभाऊले सांगू नका. थो लय मानी मानूस आहे."

सुधाकरभाऊ म्हणजे अमरावतीजवळच्या वलगावचे शेतकरी. काळी जमीन, तूर, सोयाबीन, आणि लग्नसराईत वरातीला जाणारी बिजली नावाची पांढरी घोडी. खोगीर त्यांचंच होतं, झालर शिवायला आलेलं. रविवारचं लग्न त्यांच्या मुलीचं, पल्लवीचं. पल्लवी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. तिने घरात सांगून टाकलं होतं, की बाबांनी मुलखातले नवरदेव घोडीवरून मिरवले, तर मीही मांडवात घोडीवरूनच येणार.

युसूफभाईंनी तिला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी गोठा दिसला, मग ती.

"चाचा, पुस्तकवाले आले काय?"

"आले बेटा. हे पाय."

पल्लवीने मला नमस्कार केला आणि लगेच मुद्द्यावर आली. आईची अट अशी, की नवरीने शालू नेसून दोन्हीकडे पाय टाकायचे नाहीत. वडिलांची अट अशी, की एका अंगाने बसायचं तर कुणी न धरता बसता आलं पाहिजे. शनिवारी मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत एक फेरी. त्यात ती नुसती डुगडुगली, तरी घोडी रद्द आणि फुलांनी सजवलेली गाडी.

"आईचं ऐकलं त बाबाचं मोडते, बाबाचं ऐकलं त आईचं मोडते," ती म्हणाली. "गाडीवाला फुलं घेऊन तयार बसला आहे. मले त्या गाडीत बसायचं नाई, काका. मी ह्या घोडीवर लहानाची मोठी झाली."

दोन्ही अटी पाळायचा मार्ग माझ्या पुस्तकातच होता: मडमेसारखं बसायचं. फोन बंद झाल्यावर युसूफभाईंनी खोगीर गोणपाटात गुंडाळलं आणि सुतळीने बांधलं. "चला," ते म्हणाले. कुठे, हे विचारायची गरज नव्हती.

एसटीत

अकोल्याहून अमरावतीची बस भरलेली होती. कंडक्टरने गोणपाटाकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"खोगीर," युसूफभाई म्हणाले.

"याचं तिकीट?"

"घोडी आली की काढू."

कंडक्टर पुढच्या बाकाकडे वळला. खोगीर दोन बाकांच्या मधल्या वाटेत ठेवलं. गोणपाट सुटायचा तो सुटलाच आणि मग प्रत्येक चढणाऱ्याला त्याची माहिती देणं आलं. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं होती. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून बांधावर रचलेल्या, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि बाकी सगळी काळी माती. इतकी काळी जमीन आमच्या बाजूला पाहायला मिळत नाही. उन्हातसुद्धा ओली वाटते.

मूर्तिजापूरला एक बाई चढल्या. हातात मेथीची जुडी, बसायला जागा नाही. त्यांनी खोगिराकडे पाहिलं, युसूफभाईंकडे पाहिलं आणि विचारण्यापूर्वीच त्यावर एका अंगाने बसल्या. बस सुरू झाली तशा लगेच उठल्या.

"कोनाचं आहे हे? टोचते ना बापा!"

"कुठी टोचते, ताई?" युसूफभाईंनी एकदम विचारलं. प्रश्न कारागिराचा होता, पण बसमधल्या बाकीच्यांना तसा वाटला नसावा. दोघे-तिघे वळून पाहू लागले.

बाईंनी उजव्या शिंगावर मेथीची जुडी आपटली. "हे. हे डावीकडचं ठीक आहे, पाय अटकवता येते. पर हे दुसरं मांडीत घुसते. काहून ठेवलं?"

"दादाजींनी ठेवलं."

"मंग दादाजींले बसवा यावर," बाई म्हणाल्या आणि मेथी शिंगाला अडकवून उभ्या राहिल्या.

युसूफभाई बडनेऱ्यापर्यंत उजव्या शिंगावर हात ठेवून होते. एका अंगाने बसायचं तर एक शिंग कापावं लागणार, हे त्यांना आणि मला एकदमच कळलं होतं. कॅटलॉगाप्रमाणे डावं शिंग खरं, उजवं चुकीचं. म्हणजे करवत चालणार ती आजोबांच्या शिंगावर.

अमरावती

संध्याकाळी अमरावतीत उतरलो. शहरात जिकडे पाहावं तिकडे कोचिंग क्लासचे फलक आणि त्यांवर पासपोर्ट आकारातले यशस्वी चेहरे. रिक्षात मी, युसूफभाई आणि खोगीर. रिक्षावाल्याने मधल्या प्रवाशाचं काहीच घेतलं नाही.

लॉजवर सामान टाकून आम्ही गिला वडा खायला गेलो. उडदाच्या डाळीचे मऊ वडे, वर दही आणि झणझणीत चटणी. आमच्याकडचा दहीवडा लग्नाच्या पंगतीत शिस्तीत बसलेला असतो. हा रस्त्यावर उभ्याने खायचा आणि पुन्हा मागायचा. युसूफभाईंनी पुन्हा मागितला नाही. परतताना हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी लोखंड कापायच्या करवतीचं पातं घेतलं आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

"त्या शिंगात लोखंडी सळई आहे," ते म्हणाले. "दादाजींनी सोता ठोकली. मले येक गोष्ट सांगा साहेब, कंपनीचंच बरोबर काहून? कंपनीनं त बनवलं आन् इकलं. आमच्या दादाजींच्या खोगिरावरून येक नवरदेव पडला नाई."

मी म्हणालो, आधी पल्लवीला बसवून पाहू, मग कापू. ही सूचना मी सावधगिरी म्हणून केली होती. बातमी छापण्याआधी एकदा फोन करून विचारतात, त्यातलीच.

"हे बरोबर बोलले," युसूफभाई म्हणाले. "पहिले बसाले लावू. पातं काय, खिशातच आहे."

शनिवार, वलगाव

वलगाव अमरावतीहून जवळ, परतवाड्याच्या रस्त्यावर. सुधाकरभाऊंच्या दारात मांडव पडला होता. मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजत होते. रोडगा म्हणजे कणकेचे थर देऊन केलेला जाडजूड गोळा. वरून राख झटकायची, फोडून तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचं. मला येताक्षणी दोन वाढले. एक पुरे म्हणालो, तर वाढणाऱ्या आजींनी विचारलं, "पोट बिघडलं काय?" पुण्याच्या माणसाला हा प्रश्न आगाऊ वाटेल. तिथे तो काळजीचा होता, आणि उत्तराची वाट न पाहता तिसरा रोडगा आला.

सुधाकरभाऊ उंच, कमी बोलणारे, पांढरा शर्ट आणि गळ्यात पंचा. त्यांनी कॅटलॉग हातात घेऊन ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"घोडा चांगला आहे," ते म्हणाले. "पर मानूस काढलाच नाई कोनं यावर."

मी म्हणालो, कंपनीला खोगीर विकायचं होतं.

"मले पोरगी बसवायची आहे," ते म्हणाले आणि पुस्तक परत दिलं. मग थांबून, मी न विचारताच बोलले. "नवरदेव पडला त लोकं हासतात. हासून मोकळे होतात. पोरगी पडली त वीस वर्सं सांगतात. म्हनून म्या अट टाकली. तिले वाटते मी आडवा येऊन राहिलो."

तेवढ्यात पल्लवी आली. खऱ्या शालूला माती लागू नये म्हणून तिने आईचा जुना शालू नेसला होता. काठ चांगला हातभर रुंद, कडक, चालताना आवाज करणारा. मागून तिची आई, मंदाताई.

"बस, पर पाय येकाच बाजूनं," मंदाताई म्हणाल्या. "दोनीकडं पाय टाकून नवरी आली त लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, पोरगी घोडीवर बसली. खरंच म्हनतीन ना, आई."

"तुया तोंडाले लागनं म्हंजे..." त्यांनी लेकीचा पदर सारखा केला.

मारुतीचा पार हाकेच्या अंतरावर होता. बिजली तिथे उभी होती, शांत, कान मागे-पुढे करत. युसूफभाईंनी नमदा, म्हणजे लोकरीची जाड घडी, पाठीवर टाकला, खोगीर चढवलं, पोटाखालून तंग आवळला. मी कॅटलॉगचं पान उघडून उभा राहिलो. माझं काम चित्र दाखवणं एवढंच होतं आणि ते मी चोख केलं. डावी बाजू. पाय इकडे. उजवा गुडघा शिंगावरून.

सुधाकरभाऊ लगाम धरून घोडीच्या डाव्या खांद्याशी उभे होते. पल्लवीला डावीकडे बसता यावं म्हणून ते बाजूला झाले. ती पारावरून बसली. दुसरं शिंग टोचलं तसं तोंड वाकडं केलं. शालूचा काठ घोडीच्या डाव्या कुशीवर पडला आणि सळसळला.

बिजली एकदम आडवी सरकली. पल्लवी उजवीकडे झुकली, शिंगाला धरायला गेली आणि पायावरच खाली उतरली. पडली म्हणता येणार नाही. पण बसली असंही म्हणता येणार नव्हतं. पाराभोवती पाचपन्नास माणसं होती आणि त्यांपैकी कुणीही हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

सुधाकरभाऊंनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "झालं," ते म्हणाले. "गाडीवाल्याले फोन लावा."

"बाबा, येक डाव अजून."

"नाई, पल्ले. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं आहे, तुले मालूम आहे. त्या बाजूनं मी सोडून कोनी चालत नाई. नवरदेवाचे पाय नुसते लोंबतात, त्याचं तिले काई नाई. हा एवढा शालू त्या बाजूनं वाजला त ती रस्त्यात उभी राहनार नाई. मायं चुकलं. म्या पहिलेच सांगाले पायजे होतं."

घोडीला डाव्या डोळ्याने दिसत नाही, ही गोष्ट त्या घरात इतकी जुनी होती, की कुणाला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. पल्लवी खाली मान घालून उभी होती. शालूच्या काठाला माती लागली होती. तिने ती झटकली नाही. मग ती घोडीच्या पुढून वळून पलीकडे गेली.

"मंग मी इकडून बसते," ती म्हणाली.

"कुकून?"

"उजवीकडून. इकडचा डोया चांगला आहे. शालू तिले दिसंन. तुमी तिकडं, तुमच्या जाग्यावर. मी इकडं."

लोक माझ्याकडे पाहू लागले, कारण पुस्तक माझ्या हातात होतं. मला खरं ते सांगणं भाग होतं. मी म्हणालो, या खोगिरावर उजवीकडून बसता येत नाही. शिंग फक्त डावीकडे असतं. उजवी बाजू सपाट.

"कंपनीच्या खोगिराले असंन सपाट," मागून युसूफभाई म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "आमच्या खोगिराले उजवीकडं शिंग आहे!"

यावर पुस्तक मिटण्याखेरीज मला काम उरलं नाही.

सुधाकरभाऊंनी घोडी फिरवून तिची उजवी बाजू पाराला लावली आणि पल्लवी उजवीकडून बसली. डावा गुडघा आजोबांच्या शिंगावरून अडकवला. काठ सळसळला, बिजलीने मान किंचित वळवून चांगल्या डोळ्याने शालूकडे पाहिलं आणि तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं. सुधाकरभाऊ आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या खांद्याशी उभे होते. आता फक्त डावं शिंग मांडीत घुसत होतं.

"चाचा, हे टोचते."

"उतर बेटा," युसूफभाई म्हणाले आणि खिशातून पातं काढलं. "हे कंपनीचं आहे. हे कापाचं मले काईच दुःख नाई."

चामडं उसवून, सळई कापून, तोंडावर नमद्याची गादी ठेवून वरून टाके घालायला त्यांना चांगला वेळ लागला. तेवढ्यात दोनदा चहा झाला. कापताना ते बोलत होते. त्यांच्या तोंडून सुधाकरभाऊंना खोगिराची सगळी हकिगत कळली, मडमेसकट. सांगू नका म्हणून मला बजावणारा माणूस हाच.

सुधाकरभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे इतके वर्सं नवरदेव बाईच्या खोगिरावर बसवले आपन?"

"हाव."

"येक तरी बोलला काय?"

"नाई."

"त्या दिवशी त्यायले काय समजते," सुधाकरभाऊ म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

फेरी दुपारी झाली. पल्लवी पारावरून बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. सुधाकरभाऊ लगाम घेऊन डावीकडून चालत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत राहिले. माझ्या अंदाजाने त्यांना बघायची हिंमत नव्हती. पिठाच्या गिरणीशी एक मोटारसायकल फटफटत गेली, तेव्हा घोडीचे कान हलले, पल्लवी हलली नाही. मांडवाशी आल्यावर त्यांनी लगाम ओढला आणि विचारलं, "पडली काय?"

"नाई ना बाबा."

"मंग उतर. जेवाले बस."

मंदाताई दारात उभ्या होत्या. "पाय येकाच बाजूनं होते," त्या शेजारणीला म्हणाल्या. "म्या पाहिलं." फुलांच्या गाडीवाल्याला फोन गेला, तो न येण्यासाठी.

रविवार

लग्न लग्नासारखं झालं. वऱ्हाडातली लग्नं वेळेवर लागतात असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ते लागलंही नाही. नोंद करण्यासारखी गोष्ट एकच.

पल्लवी पारावरून निघाली, खऱ्या शालूत, मुंडावळ्या बांधून. पुढे बँड. फोटोग्राफर सवयीप्रमाणे घोडीच्या डाव्या बाजूला धावला. वरातीचे फोटो तिकडूनच काढतात, का, ते त्यालाही सांगता आलं नाही. तिकडून त्याला दिसत होते सुधाकरभाऊ, घोडीचा आंधळा डोळा, कापलेल्या शिंगाची गादी आणि नवरीची पाठ. तो डावीकडूनच कोन शोधत राहिला. वाकला, बसला, ट्रॅक्टरच्या चाकावर चढला.

"दादा, इकडं या ना! उजवीकडून काढा!" पल्लवी वरून ओरडली. मुंडावळ्या हलल्या. ती हलली नाही.

"तिकडं जा, भाऊ," सुधाकरभाऊ त्याला म्हणाले. "इकडं काई नाई."

युसूफभाई मांडवाच्या दारात माझ्या शेजारी उभे होते, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांच्याजवळ दोन माणसं येऊन खोगिराबद्दल विचारून गेली होती. एक मोर्शीचा घोडीवाला, आणि एक बाई, ज्यांच्या मुलीचं वैशाखात होतं. बाईंनी विचारलं, शिंग कोणत्या बाजूला लागेल? "पहिले घोडी दाखवा," युसूफभाई म्हणाले. "घोडी पाह्यल्याबिगर म्या आता सांगत नाई."

मी त्यांना विचारलं, हे सगळं लिहिलं तर चालेल का, मडमेच्या खोगिरासह.

"लिहा," ते म्हणाले. "पर दादाजींचं चुकलं असं लिहू नका."

तसं लिहिलेलं नाही.

पुण्याला परतल्यावर आठवड्याने पल्लवीने एक फोटो पाठवला. मी तो कॅटलॉगच्या पानाच्याच मापाचा छापून घेतला आणि त्या पानासमोर ठेवला. एका पानावर कंपनीचा घोडा, तोंड डावीकडे, पाठीवर रिकामं खोगीर. समोरच्या पानावर बिजली, तोंड उजवीकडे, तिच्यावर पल्लवी, दोन्ही हात मांडीवर. पलीकडच्या खांद्यामागून सुधाकरभाऊंचं नुसतं डोकं दिसतं. या वेळी ते तिच्याकडे बघत आहेत.